दस्तांच्या वाटेने : पुण्याच्या घरबाजाराची प्रस्तावना

घरांचा बाजार मंदावला की भाव कोसळतात, ही समजूत घेऊन पुण्याच्या घरबाजाराकडे येणाऱ्याची पहिल्याच वळणावर फसगत होते. २०१६ ची नोटाबंदी ते २०२० ची टाळेबंदी या काळात ज्यांनी या शहरात घर विकायला काढले होते त्यांना विचारून पाहावे. बहुतेक जण सांगतील की भाव होता तसाच होता, गिऱ्हाईक तेवढे नव्हते. भाव जागच्या जागी आणि व्यवहार ठप्प, हे मंदीचे इथले रूप. सावरणेही म्हणूनच भावात आधी दिसत नाही. ते दिसते नोंदल्या जाणाऱ्या दस्तांच्या संख्येत, घर विकायला लागणाऱ्या महिन्यांत, आणि मागितलेली किंमत व विसारपावतीवर उतरलेली किंमत यांच्यातल्या अंतरात. भाव सर्वांत शेवटी हलतो. ज्याची नजर केवळ चौरस फुटाच्या दरावर आहे, त्याला बाजार पडल्याचे उशिरा कळते आणि उठल्याचेही. या पुस्तकातली सगळी प्रकरणे या एका मुद्द्याभोवती आहेत, तेव्हा तो इथेच जरा उलगडून ठेवतो.

मंडईत भेंडी संध्याकाळपर्यंत खपली नाही तर विक्रेता भाव उतरवतो, कारण उद्या ती भेंडी भेंडी राहणार नाही. घर सडत नाही. रिकामे ठेवले तर सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा मिळकतकर तेवढा भरावा लागतो; अकरा महिन्यांच्या करारावर दिले तर तेही निघून वर थोडे उरते. म्हणून ‘एवढ्यात नाही विकायचे, थांबू’ हे वाक्य घराच्या बाजारात बोलता येते. थांबणाऱ्याच्या मनात आकडाही ठरलेला असतो : मी घेतले तेव्हाचा, किंवा शेजारच्या विंगमध्ये तेजीत गेलेला. त्याखाली उतरणे म्हणजे तोटा, मग त्या पैशाचे आजचे मोल काहीही असो.

ही खोड एकट्या पुणेकरांची नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टन शहरातले सदनिकांचे व्यवहार तपासून २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत पदरी पडण्याची चिन्हे होती ते मालक इतरांपेक्षा जास्त किंमत मागत. अपेक्षित तोट्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के एवढी भर ते मागणीत घालत. त्यांची घरे विकली गेली तर किंचित चढ्या भावाने जात, पण विकली जाण्याची शक्यताच कमी होई. गुंतवणूकदारांत ही अढी होती, पण स्वतः राहणाऱ्या मालकांच्या जवळपास निम्मी. वाकड किंवा वाघोलीत गुंतवणूक म्हणून दोन फ्लॅट घेऊन ठेवलेला माणूस आणि कोथरूडमध्ये पंचवीस वर्षे राहिलेले कुटुंब मंदीत वेगवेगळे का वागतात, याचा एक धागा इथे सापडतो. आपल्याकडच्या दस्तांवर हा निष्कर्ष कुणी नेटाने तपासून पाहिला तर तो मोठा उपकार ठरेल.

बांधकाम व्यावसायिकाची गोष्ट निराळी. त्याच्यावर कर्जाचे व्याज रोज चढत असते, तरी जाहीर भाव उतरवणे त्याला परवडत नाही. आधी नोंदणी केलेले ग्राहक दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन बसतात, आणि कर्ज देणारी वित्तसंस्था तारणाचे मूल्य पुन्हा मोजायला लागते. मग भाव तसाच ठेवून बाकीचे देतात. पार्किंग मोफत, मॉड्युलर किचन, मुद्रांक शुल्क आमच्याकडून, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही. मंदीतला खरा भाव या सवलती वजा केल्यावर निघतो, आणि सवलती दस्तात लिहिलेल्या नसतात. सावरण्याची पहिली चाहूलही बहुधा इथेच लागते. दर तोच राहतो, सवलती एकेक करून गळतात.

सरकारही नकळत भावाला टेकू देते. वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, त्यातले मूल्य आणि ठरलेली किंमत यांत जे जास्त त्यावर मुद्रांक शुल्क लागते. व्यवहार तक्त्याच्या फार खाली झाला तर प्राप्तिकर खाते विक्रेत्याचा नफा तक्त्याप्रमाणे धरते आणि खरेदीदाराला मिळालेला फरक त्याचे उत्पन्न मानते. दहा टक्क्यांची तफावत तेवढी चालवून घेतात. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने विकासकाकडून थेट घेतलेल्या दोन कोटींपर्यंतच्या घरांसाठी ही मर्यादा जून २०२१ पर्यंत वीस टक्के केली. काही ठिकाणी बाजार तक्त्याच्या खाली गेला आहे, ही त्यामागची अप्रत्यक्ष कबुलीच होती. तक्ता स्वतःही सावध चालतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो हलला नाही, सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढला, २०२१ मध्ये पुन्हा थांबला, २०२२ मध्ये सरासरी पाचेक टक्के चढला, आणि पुढची दोन वर्षे परत स्थिर. तक्त्यावरून बाजार ओळखू पाहणारे अभ्यासक मला दरवर्षी भेटतात. हा कागद कर गोळा करण्यासाठी आहे, एवढेच त्यांना सांगतो.

आता त्या पडत्या वर्षांची कारणे. ती सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने व्यवहारातला रोखीचा हिस्सा एका रात्रीत अडकला. १ मे २०१७ पासून बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा पूर्णपणे अमलात आला. ग्राहकांचे सत्तर टक्के पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे आले, करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास बंदी आली, आणि एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्याच्या जमिनीत घालून चालणारे अनेक जण उघडे पडले. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर आला. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण बारा टक्के, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर शून्य. एप्रिल २०१९ मध्ये बाराचे पाच झाले, तोवर ग्राहक तयार घराकडे वळला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळली आणि बिगरबँक वित्तसंस्थांकडून विकासकांना मिळणारा पैसा आटला. टाळेबंदी आली ती या सगळ्यावर.

आणि मग सावरणे. २६ ऑगस्ट २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्कात सवलत मंजूर केली : सप्टेंबर ते डिसेंबर तीन टक्के, जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्के. साठ लाखांच्या घरावर पहिल्या टप्प्यात एक लाख ऐंशी हजार वाचत होते. रेपो दर मे महिन्यातच चार टक्क्यांवर आला होता, गृहकर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळत होते. घरातून काम करू लागलेल्या कुटुंबांना एक खोली कमी पडत होती. मुंबईत त्या डिसेंबरमध्ये साडेएकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. पुण्यातही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांबाहेर, ज्यांना इथे ‘हवेली अमुक नंबर’ म्हणूनच ओळखतात, रांगा लागल्या.

नव्या अभ्यासकाने इथे जरा थांबावे. डिसेंबरचा तो उंच खांब म्हणजे सगळी नवी मागणी नव्हे. पुढे वर्षभरात घर घेणारच होते अशा अनेकांनी सवलतीसाठी निर्णय अलीकडे ओढला. शिवाय दस्तावर सही झाल्यापासून तो नोंदणीला सादर करायला कायद्याने चार महिने मिळतात. डिसेंबरअखेर शुल्क भरून सही केलेल्यांना त्या मुदतीत नोंदणीला येण्याची मुभा होती, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल २०२१ च्या आलेखात डिसेंबरची खरेदी मिसळलेली आहे. एप्रिलपासून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले आणि तो आलेख आणखी गढूळ झाला. या आठ महिन्यांची आकडेवारी महिनावार लावून त्यावरून ‘तेजी’ किंवा ‘घसरण’ असा निकाल देणारा लेख वाचायला मिळाला, तर तो बाजूला ठेवावा हे उत्तम.

खरा प्रश्न पुढचा आहे. सवलत संपली, तरी व्यवहार पुन्हा आटले का नाहीत? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहावर गेला. वीस वर्षांच्या पन्नास लाखांच्या कर्जाचा हप्ता सात टक्क्यांना सुमारे ३८,८०० रुपये बसतो, साडेनऊला सुमारे ४६,६००. एवढी वाढ होऊनही पुण्या-मुंबईतली विक्री वाढत राहिली. एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबरचा मेट्रो अधिभाराचा एक टक्का परत आला, त्यानेही फारसे अडले नाही. माझे मत असे की सवलतीने बाजार उठवला नाही. तिने फक्त खोळंबलेल्या ग्राहकाला आणि विक्रेत्याला एका टेबलाशी आणले. मधल्या सहा-सात वर्षांत पगार वाढले होते आणि भाव मात्र साधारण तिथेच होते, म्हणजे उत्पन्नाच्या मानाने घर गुपचूप स्वस्त झाले होते. भाव न उतरता घर स्वस्त होण्याची ही रीत संथ असते, बातमीत येत नाही. या मताशी असहमत असलेली दोन प्रकरणे याच पुस्तकात आहेत, आणि त्यांतले व्याजदराबद्दलचे आक्षेप मला अजून पूर्ण खोडता आलेले नाहीत.

भाव मोजायचा कसा, हा या विषयातला सर्वांत रसाळ आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. रेराने कार्पेट क्षेत्रावर किंमत सांगणे बंधनकारक केले. त्याआधी सुपर बिल्ट-अप चालायचा, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिसळलेला. एक हजार फुटांचा म्हणून सहा हजारांनी विकलेला साठ लाखांचा फ्लॅट कार्पेटने सातशे भरत असेल, तर त्याच घराचा दर ८,५७१ होतो. किंमत रुपयाने वाढली नाही, दर मात्र त्रेचाळीस टक्क्यांनी चढला. २०१७ च्या अलीकडचे आणि पलीकडचे दर एका रेषेवर मांडणाऱ्याने हे क्षेत्र आधी एक करून घ्यायला हवे. दुसरा सापळा रोखीचा. पूर्वी पुनर्विक्रीच्या व्यवहारात किमतीचा एक भाग दस्ताबाहेर राही आणि दस्तातली किंमत तक्त्याच्या आकड्याला चिकटून असे. गृहकर्जाचा वाटा वाढला आणि रोखीचे प्रमाण घटले, तशी दस्तातली किंमत वर आली. त्यातली किती वाढ बाजाराची आणि किती प्रामाणिकपणाची, हे नुसत्या दस्तावरून सांगता येत नाही. त्यासाठी विक्रेत्याशी बोलावे लागते, आणि विक्रेता या विषयावर बोलेलच असे नाही.

पाश्चात्त्य देशांत यावर एक उपाय रूढ आहे. तेच घर दोनदा विकले गेले की दोन किमतींची तुलना करायची. १९६३ मध्ये बेली, मुथ आणि नूर्स यांनी मांडलेली ही पद्धत पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांच्या निर्देशांकाने जगभर नेली. पुण्यात ती वापरायला गेलात तर पहिल्या व्यवहारात घराची ओळख सर्व्हे नंबरने सापडते, दुसऱ्यात सोसायटीच्या नावाने. क्षेत्र एकदा चौरस फुटांत, एकदा चौरस मीटरमध्ये. टेरेस कधी वेगळी, कधी आत. आणि सहकारनगर, कर्वेनगर, कोथरूडमधल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात तेव्हा ‘तेच घर’ उरतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने या पुनर्विकासाला मोठा जोर दिला. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक नोंदणी कार्यालयांतल्या माहितीवरच बेतलेला आहे. २०१०-११ पायाभूत वर्ष धरून निघालेल्या मालिकेत दहा शहरे होती, मुंबई त्यांत होती, पुणे नव्हते. यादी वाढली ती अलीकडे. त्यामुळे या शहरापुरता लांब पल्ल्याचा विश्वासार्ह निर्देशांक हाताशी नाही. तो तयार करणे हे एका पिढीचे काम आहे, आणि त्यासाठी संगणक जाणणारा आणि दस्त वाचता येणारा अशी दोन माणसे एकत्र बसावी लागतील. दोन्ही येणारे एकच माणूस सापडले तर फारच छान.

पुण्याच्या घरबाजाराने याआधीही धक्के पचवले आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. शहर पेठांतून बाहेर पडले ते असे. त्याच सुमारास १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा सदनिका मालकी कायदा आले. ‘भाड्याचे बिऱ्हाड’ जाऊन ‘मालकीचा ब्लॉक’ येण्याची कायदेशीर चौकट त्यांनी घातली. भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यांमुळे वाडामालकाला डागडुजीत रस राहिला नव्हता, तेही या स्थित्यंतरामागचे एक कारण. द. रा. गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी या सगळ्याच्या आधीची. तिच्या नेटाने घरोघर जाऊन केलेले काम आजच्या गृहबाजारावर दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार इथे नोंदवून ठेवतो.

आकड्यांतून बाहेर येऊन माणसांकडे पाहिले की हा विषय खरा खुलतो. सावरत्या बाजारातली विक्री बहुधा साखळीने होते. वन बीएचकेवाल्याला टू बीएचके हवा असतो, त्याचा वन बीएचके विकला गेल्याशिवाय तो टोकन देऊ शकत नाही. सर्वांत खालची कडी हलली की वरच्या चार हलतात, म्हणून बाजाराची नाडी बाणेरच्या मोठ्या फ्लॅटपेक्षा धायरी किंवा चऱ्होलीच्या छोट्या घरात आधी लागते. जुने घर विकून नवे घेतले तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो. त्यासाठी विक्रीआधीचे एक किंवा नंतरची दोन वर्षे मिळतात, बांधायचे असेल तर तीन. या मुदतीच्या दोरीला बांधलेले विक्रेते घाईत असतात आणि चांगला एजंट त्यांना पाहताक्षणी ओळखतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने महागाईची वजावट काढून दर साडेबारा टक्के केला, नंतर जुन्या घरांच्या निवासी मालकांना वीस टक्क्यांचा जुना पर्याय ठेवला. त्या दोन-तीन आठवड्यांत सनदी लेखापालांना फुरसत नव्हती.

पुण्याचे खास पात्र म्हणजे परदेशातली मुले. आई-वडील गेले, कर्वेनगर किंवा औंधचा फ्लॅट बंद, मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी मेलबर्नला. नामनिर्देशन केले आहे म्हणून घर आपले झाले असे त्यांना वाटत असते. सोसायटीकडचे नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे इथे आल्यावर कळते. मग वारसांचे हक्कसोड, मुखत्यारपत्र, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणे, आणि अनिवासी विक्रेता म्हणून खरेदीदाराने कापायचा जादा कर. एरवी पन्नास लाख आणि त्यावरच्या घरासाठी एक टक्का कापायचा असतो, इथे तो हिशेबच निराळा. असे घर बाजारात येऊनही वर्ष-वर्ष विकले जात नाही आणि आकडेवारीत ‘मागणी नाही’ म्हणून मोजले जाते. मागणी असते, कागद तयार नसतात. इमारतीचे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करणे, झालेले नसेल तर बँकेचा वकील आणखी एक शंका काढतो. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात असून अनेक सोसायट्या त्या वाटेला गेलेल्या नाहीत.

एजंटांवर टीका करणे सोपे आहे, आणि सामान्यतः दोन्हीकडून एक-दोन टक्के घेणाऱ्यावर ती होणारच. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या विक्रीवरून दाखवले की एजंट स्वतःचे घर विकताना ते ग्राहकाच्या घरापेक्षा साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास जास्त किंमत मिळवतात. ग्राहकाला मात्र ते ‘आलेली ऑफर सोडू नका’ म्हणतात. तरीही पुण्याच्या पुनर्विक्रीत खरा भाव कुणाला माहीत असतो, तर यांनाच. कुणाचे घर किती महिने पडून होते, शेवटी कितीला बसले, कुठे सौदा तुटला, हे त्यांच्या वहीत असते. अभ्यासकाने अशा दोन-तीन वह्यांपर्यंत पोहोचण्याइतका चहा प्यावा.

या पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. झोपडपट्टी पुनर्वसन, म्हाडाची सोडत आणि भाड्याचा बाजार हे विषय इथे ओघाने येतात, त्यांचा पूर्ण विचार नाही. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली, त्या हद्दवाढीने वाघोलीसारख्या ठिकाणी जमिनीला काय झाले यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. मुंबईचे दाखले तुलनेपुरतेच आहेत, कारण पागडी आणि उपकरप्राप्त इमारतींचे ते जग वेगळ्याच नियमांनी चालते.

नव्याने येणाऱ्यांसाठी सुरुवातीची जागा ठरलेली आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, कुणालाही पाहता येतो. आपल्या ओळखीची एक सोसायटी निवडावी, शक्यतो ऐंशी-नव्वदच्या दशकातली. तिचे गेल्या दहा वर्षांतले दस्त काढावेत. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त केल्याची आणि नोंदवल्याची तारीख हे रकाने एका कागदावर मांडावेत, आणि मग सोसायटीच्या सचिवांना भेटून प्रत्येक व्यवहारामागे काय घडले ते विचारावे. पहिले प्रकरण अशाच तीस सदनिकांच्या एका इमारतीचे आहे. इमारतीचे आणि रहिवाशांचे नाव तिथे मुद्दाम वगळले आहे, बाकी रकाने दस्तात होते तसे ठेवले आहेत.